स्मरणचित्र : कोणाचे स्मरण?

बालकांची चित्रकला हा आपल्या चळवळीत गौण विषय समजला जातो. शिष्यवृत्ती, वसतिगृहे, राखीव जागा, अत्याचारांचे खटले अशी कामे समोर असताना मुलांच्या चित्रांवर पाने कशाला खर्च करायची, असे एखादा कार्यकर्ता विचारील, आणि त्याचा प्रश्न गैर नाही. तरीही मी हा विषय येथे मांडतो आहे. मूल लिहायला शिकण्याच्या कितीतरी आधी रेघ ओढते. अक्षरांशी गाठ पडण्यापूर्वी त्याने कोळशाने भिंतीवर, काटकीने मातीत आपले जग मांडून पाहिलेले असते. शाळेत गेल्यावर या मांडणीचे काय होते हे तपासले, तर प्रस्थापित संस्कृती आपल्या मुलांच्या मनात किती लवकर आणि कोणत्या वाटेने शिरते याचा उलगडा होतो. दलित साहित्याने प्रमाण भाषेला प्रश्न विचारला. प्रमाण चित्राला तो प्रश्न अद्याप पुरेसा विचारला गेलेला नाही.

'मुलांच्या सृजनशीलतेला वाव द्यावा' हे वाक्य आता सर्वांच्या तोंडी आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षणाला महत्त्वाचे स्थान दिले गेले, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ते आहे. कागदावर वाव भरपूर आहे. माझा प्रश्न असा आहे की, हा वाव कशासाठी? मुलाने काय काढले म्हणजे ते सृजनशील ठरते, आणि काय काढले म्हणजे त्याची वही बाजूला सारली जाते?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत जा आणि मुलांना 'मनाने एक चित्र काढा' म्हणा. बहुसंख्य मुले एकच चित्र काढतील. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठावर उतरत्या छपराचे घर, घराशेजारी नारळाचे झाड आणि वर इंग्रजी व्ही अक्षरासारखे उडणारे पक्षी. मराठवाड्यातल्या मुलाच्या गावात नारळ नसतो. मुंबईतल्या झोपडपट्टीत वाढणाऱ्या मुलीच्या घराला उतरते लाल कौल नसते. विदर्भातल्या सपाट कापूसपट्ट्यात दोन डोंगरांमधून सूर्य उगवत नाही. तरी चित्र तेच. 'मनाने' काढलेले हे चित्र कोणाच्याच मनातले नाही. ते फळ्यावरून, सरावाच्या पुस्तकांतून आणि कॅलेंडरांवरून आले आहे. त्याला चांगले गुण पडतात, म्हणून मूल ते पुन्हा काढते, आणि पाचवीपर्यंत त्याच्या हाताला दुसरे काही आठवेनासे होते.

याच शिक्षणाचा पुढचा टप्पा म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा. या परीक्षांविषयी मी तुच्छतेने बोलणार नाही. खेड्यापाड्यांतील अनेक गरीब मुले या परीक्षांच्या आधारे कलाशिक्षकाच्या पदविकेपर्यंत पोचली आणि नोकरीला लागली. इंटरमिजिएटच्या श्रेणीमुळे दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, त्यांचाही उपयोग होतो. परंतु या परीक्षांनी चित्र म्हणजे काय याची जी व्याख्या घडवली, ती तपासलीच पाहिजे. परीक्षेला वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे विषय असतात. यांपैकी स्मरणचित्र हा शब्द मला विशेष विचारात पाडतो. स्मरण म्हणजे जे आपण पाहिले, सोसले, अनुभवले त्याची आठवण. प्रत्यक्षात स्मरणचित्राची तयारी कशी होते? ठरावीक विषयांची ठरावीक चित्रे पाठ केली जातात. भाजीवाली, फुगेवाला, बसथांबा, सणाची मिरवणूक. पाठमोरी बाई कशी काढायची, टोपीवाला म्हातारा कुठे बसवायचा, डाव्या कोपऱ्यात झाड कसे घ्यायचे, हे सारे तयार असते. परीक्षेत आठवायचे ते हे साचे. मुलाच्या स्वतःच्या स्मरणाला तेथे जागा राहत नाही.

पाणवठ्याचे उदाहरण घ्या. विहिरीवरचे किंवा पाणवठ्यावरचे दृश्य हा सरावातला जुना विषय. डोक्यावर एकावर एक घागरी घेतलेल्या सुडौल बाया, रहाट, काठावर एक गाय, मागे देवळाचा कळस. चित्र शांत आणि गोड असते. आता हा विषय ज्या मुलापुढे ठेवला जातो त्याच्या आजीची आठवण काय आहे? ओंजळ पसरून वरून कोणी पाणी वाढेल म्हणून ताटकळत उभे राहण्याची. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांना केवळ ओंजळभर पाणी पिण्यासाठी मोर्चाने जावे लागले, आणि त्यासाठी मार खावा लागला. पाणवठा हे या समाजाच्या इतिहासातील सर्वांत तणावाचे स्थळ आहे. चित्रकलेच्या तासाला मात्र तो निसर्गदृश्याचा भाग होऊन येतो. मुलाला कोणी 'हे विसर' असे सांगत नाही. त्याला फक्त दुसऱ्याचे स्मरण पाठ करायला दिले जाते, आणि त्यावर श्रेणी दिली जाते.

मी गेली काही वर्षे एका वस्तीतील अभ्यासिकेत मुलांबरोबर बसतो. एकदा 'पाणी' एवढाच विषय दिला. एका मुलीने कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टँकर काढला. त्याच्या अंगातून सोंडेसारख्या नळ्या बाहेर आल्या होत्या आणि खाली मुंग्यांएवढी माणसे होती. एका बाईचा हात मात्र तिच्या अंगाच्या दुप्पट लांब होता. ती कोण, असे विचारल्यावर मुलगी म्हणाली, "आई. तिचाच पाइप पहिला लागतो." हेच चित्र तिने शाळेतल्या स्पर्धेला दिले तेव्हा 'प्रमाणबद्धता नाही' असा शेरा मिळाला. शेरा देणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला जे शिकवले गेले तेच मोजमाप त्याने लावले.

व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बालचित्रांचा जो अभ्यास मांडला, त्यातली एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लहान मूल वस्तूचे आकारमान डोळ्यांनी मोजत नाही. त्याच्या लेखी जे महत्त्वाचे, ते मोठे होते. जे त्या क्षणी बिनमहत्त्वाचे, ते लहान होते किंवा गळून पडते. घराची भिंत पारदर्शक करून आतली चूल दाखवणे, जमिनीची एक रेघ ओढून त्यावर सारे जग उभे करणे, ही त्याची विचार करण्याची रीत आहे. त्या दृष्टीने पाहिले तर त्या मुलीच्या चित्रातले प्रमाण काटेकोर होते. टँकर मोठा होता कारण दिवस त्याच्याभोवती फिरत होता. आईचा हात लांब होता कारण घरातले पाणी त्या हातावर अवलंबून होते.

परंतु येथे एका सोप्या निष्कर्षापासून सावध राहिले पाहिजे. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांचे कलावर्ग सुरू केले, तेव्हापासून 'मुलाला मोकळे सोडा, त्याच्यात उपजत कलावंत आहे' हा विचार जगभर पसरला. हर्बर्ट रीड यांनी १९४३ मध्ये कलेतून शिक्षणाची कल्पना मांडली. आपल्याकडे सेवाग्रामला देवीप्रसाद यांनी नयी तालीमच्या मुलांबरोबर वर्षानुवर्षे याच दिशेने काम केले. या मंडळींनी मुलाच्या रेघेला मान दिला, हे त्यांचे श्रेय आहे. पण मोकळे सोडलेले मूल रिकामे नसते. १९७७ मध्ये ब्रेन्ट आणि मार्जरी विल्सन या अमेरिकन अभ्यासकांनी दाखवून दिले की मुले आपली चित्रे आजूबाजूच्या चित्रांतून, कॉमिक्स आणि दूरदर्शनमधून उचलतात. म्हणजे मुलाला नुसते मोकळे सोडले, तर ते ज्या प्रतिमांनी वेढलेले आहे त्याच प्रतिमा कागदावर उतरवील. ज्या समाजात कॅलेंडर, पाठ्यपुस्तक, चित्रपट आणि आता मोबाइल या सर्वांवर एकाच वर्गाच्या अभिरुचीचे वर्चस्व आहे, तेथे 'मोकळीक' पुरेशी नाही. तुझे जगही काढण्याजोगे आहे, हे मुलाला कोणीतरी सांगावे लागते.

रंगाचेच पाहा. खडूंच्या पेटीतल्या फिक्या गुलाबट खडूला आपली मुले अजूनही 'स्किन कलर' म्हणतात. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने आपल्या अशाच एका खडूचे 'फ्लेश' हे नाव १९६२ मध्ये बदलून 'पीच' केले. आपल्या वर्गांतून ते नाव गेलेले नाही. सावळी, काळी मुले आई काढतात आणि तो खडू शोधतात. तो संपलेला असेल तर आईचा चेहरा कोरा ठेवतात. केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात बाहुल्यांचा जो प्रयोग केला तो आपल्याकडे थोडाफार माहीत आहे. त्यांनी मुलांकडून चित्रेही रंगवून घेतली होती, ही गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. पान, सफरचंद, संत्रे, उंदीर आणि एक मूल अशा आकृत्या दिल्या. पान हिरवे, संत्रे नारिंगी हे मुलांना नीट कळत होते. मग त्यांना सांगितले की, या मुलाला तुझ्या रंगाने रंगव. काही मुलांनी स्वतःला आपल्या वर्णापेक्षा पुष्कळच फिके रंगवले, तर काहींनी भलताच रंग वापरला. हा अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले, त्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा आधार नोंदवलेला आहे. सहासात वर्षांच्या मुलांच्या रंगखडूंनी एका अन्यायी व्यवस्थेविरुद्ध साक्ष दिली. १९७२ मध्ये ज्यांनी ब्लॅक पँथरकडे पाहून आपल्या संघटनेचे नाव ठेवले, त्या चळवळीच्या वारसांनी हा अभ्यास वाचायलाच हवा.

अर्थात तो जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. जात कातडीच्या रंगावरून ओळखता येत नाही. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच स्पष्ट केले आहे. आपले मूल रंगापेक्षा अधिक लपवते ते घर. 'माझे घर' हा विषय दिला की पत्र्याच्या खोलीत राहणारी मुले बाग, कुंपण आणि चक्क धुराडे असलेला बंगला काढतात. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला. जात चोरावी लागणाऱ्या माणसाची कोंडी त्यानंतर मराठी वाचकाला नाकारता आली नाही. चित्रकलेच्या तासाला सात वर्षांचे मूल आपले घर चोरते, तेव्हा तो त्याच कोंडीचा पहिला पाठ असतो. फरक इतकाच की येथे चोरीबद्दल शाबासकी मिळते.

आता आपल्या स्वतःच्या घरात पाहू. १४ एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांतून चित्रकला स्पर्धा भरतात. हा उत्साह मोलाचा आहे. ज्या पिढ्यांच्या घरात एकही चित्र नव्हते, तेथे आज मुलाच्या हाती रंग आहेत. पण बक्षिसे कोणाला मिळतात? निळा कोट, लाल टाय, डाव्या हातात ग्रंथ आणि उंचावलेले बोट असे बाबासाहेबांचे छायाचित्र जो जास्तीत जास्त हुबेहूब उतरवतो त्याला. चौकटी आखून, एकेक चौकट नकलून काढलेले चित्र पहिले येते. प्रस्थापित शाळा डोंगर-सूर्याची नक्कल मागते, आणि आपण महापुरुषाची. विषय बदलला, पद्धत तीच राहिली. ज्या पुरुषाने आयुष्यभर प्रमाणग्रंथांना आव्हान दिले, त्याच्या जयंतीला मुलांकडून केवळ नक्कल करून घ्यावी, ही विसंगती आपल्याला टोचली पाहिजे. बाबासाहेबांनी स्वतः उतारवयात चित्रकला शिकायला घेतली होती. हातात पेन्सिल घेऊन विद्यार्थ्यासारखे बसलेले बाबासाहेब मात्र कोणत्याच स्पर्धेत दिसत नाहीत. मुलांना तो प्रसंग सांगितला तर ती तो निश्चित काढतील, आणि प्रत्येकाचे बाबासाहेब वेगळे असतील.

आपल्या परंपरेत नक्कल न करण्याचे उदाहरण फार जुने आहे. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त प्रसिद्ध झाला. विषय मांग-महारांच्या दुःखाचा. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल त्यात आहेत, धर्माने बाहेर ठेवलेल्यांचा संताप आहे. त्या शाळेने या मुलीला ऋतुवर्णनाचा निबंध घोकायला लावला असता, तर मराठीतला हा दस्तऐवज आपल्याला मिळालाच नसता. शिक्षकांनी तिला अक्षरे दिली आणि तिचा अनुभव तिच्याकडेच राहू दिला. सृजनशीलतेला वाव देणे याचा अर्थ माझ्या मते एवढाच आहे, आणि तो अक्षराइतकाच रेघेलाही लागू आहे.

यावर काही विद्वान असे सुचवतात की, दलित-आदिवासी मुलांना त्यांच्या 'पारंपरिक' कला शिकवाव्यात. ही सूचना गोड वाटते, पण तिची दुसरी बाजू पाहावी. वारली चित्रकला शाळांत पोचली ती बहुतेक ठिकाणी हस्ताक्षराच्या तक्त्याची किनार म्हणून. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या चित्रकाराने कागदावर उभे केलेले गतिमान जग तेथे दोन त्रिकोणांच्या माणसांपुरते उरले. ज्यांच्या लग्नाच्या भिंतींवरून ती कला आली, त्यांची मुले वर्गात टिकतात की नाही, हा प्रश्न किनार काढणाऱ्याला पडत नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने मुलांनी अर्धा दिवस शाळेत आणि उरलेला वेळ बापाच्या धंद्यात घालवावा अशी योजना आणली होती. तीव्र विरोधामुळे ती १९५४ मध्ये मागे घ्यावी लागली. परंपरेच्या नावाने मुलाला त्याच्या जातीशी बांधण्याचा मोह असा पुनःपुन्हा होतो. चांभाराच्या हातची चपलेवरची नक्षी, बुरुडाची वीण, आजीच्या वाकळेतील तुकड्यांची रचना ही उच्च प्रतीची दृश्यबुद्धी आहे, आणि संकल्पचित्र शिकवताना तिचा उल्लेख होत नाही ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मुलाने ती जरूर पाहावी, तिचा अभिमान धरावा. पण तिच्यातच राहावे अशी सक्ती नको. त्याला टँकर काढायचा असेल, रॉकेट काढायचे असेल, तेही त्याचेच.

शेवटी साधनांचा आणि माणसांचा प्रश्न. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तेथे पट शंभराच्या वर असेल तर. तीही अर्धवेळ. पहिली ते पाचवीसाठी चित्रकलेचा स्वतंत्र शिक्षक कायद्याने मागितलेलाच नाही. म्हणजे ज्या वयात मुलाची रेघ सर्वांत मोकळी असते, त्या वयात सरकारी शाळेतल्या मुलाला ती ओळखणारा माणूस मिळणे नशिबावर सोडले आहे. खाजगी शाळेतल्या मुलाला शिकवणी, शिबिर, महागडे रंग मिळतात. वस्तीतल्या आणि वाडीवरच्या मुलाचा चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो किंवा 'ऑफ' जातो. पटाची अट काढून पहिलीपासून पूर्णवेळ कलाशिक्षक मिळावा, ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनांत शिष्यवृत्तीच्या मागणीशेजारी आली पाहिजे.

मागणी मान्य होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. माँटेसरीची महागडी साधने परवडत नव्हती, तेव्हा दगड, शिंपले, बिया, पाने, माती यांतून साधने घडवली. त्या वस्तीला तेव्हा दिल्या गेलेल्या नावाशी आणि त्यामागच्या विचाराशी आपला मतभेद आहे, तो राहील. पण 'अंगणवाडी' हा शब्द त्या कामातून रुजला आणि १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला, ही गोष्ट कृतीचे बळ सांगते.

आपल्या अभ्यासिकांना, बुद्धविहारांना, वसतिगृहांना हे सहज शक्य आहे. आठवड्यातला एक तास ठेवावा. गेरू, चुना, कोळसा, विटेचा तुकडा, लग्नपत्रिकांची कोरी बाजू एवढ्यावर काम भागते. विषय मुलाच्या दिवसातून घ्यावेत. आमची गल्ली, रात्रपाळीचे बाबा, पाण्याची रांग, वीज गेली तेव्हा. फळ्यावर नमुना काढू नये. चित्र झाल्यावर 'हे काय आहे' असे दरडावून न विचारता 'याच्याबद्दल सांग' म्हणावे, आणि मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहावे. चेहऱ्यासाठी तपकिरी रंगाच्या अनेक छटा मुलांनी स्वतः कालवाव्यात. स्पर्धा घ्यायचीच असेल तर नक्कल बाद करावी आणि परीक्षकांत एखादी वस्तीतली बाई असावी. चित्रे टाकून देऊ नयेत. त्यांवर तारीख घालून ती जपावीत.

गेल्या पन्नासेक वर्षांत आपण आत्मकथने लिहिली, कविता लिहिली, सौंदर्यशास्त्राचे वाद घातले. ते सारे मोठ्यांनी, बहुधा बालपण मागे पडल्यावर, आठवून आठवून लिहिले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले तेव्हा त्यातले मूल कधीच मोठे झालेले होते. आजचे मूल आजच बोलू शकते, त्याच्या हातात कोळशाचा तुकडा आहे. त्याने काय काढले ते पाहण्यासाठी आठवड्याचा एक तास कोणता कार्यकर्ता, कोणता शिक्षक देणार आहे, हे आपल्या पुढच्या बैठकीत ठरावे.